वरकसातील ऐन आणि दावणीची गुरे : मुरबाड तालुक्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. थोरले भाऊ गावी शेती पाहतात. धाकटे भाऊ कळव्याला राहतात आणि ठाण्यातील एका कारखान्यात नोकरी करतात. त्यांच्या मुलीला मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. त्या ओळखीतून पहिल्यांदा त्यांच्या शेतावर गेले आणि पुढची तीन वर्षे जात राहिले.

कुटुंबाची तीन एकर भातखाचरे आहेत आणि त्यांच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, सुमारे दोन एकर वरकस आहे. वरकस म्हणजे पूर्वी आलटूनपालटून नागली-वरी करण्याची आणि एरवी गवत व राबाचे टहाळ देणारी जमीन. पौष-माघात झाडांच्या पानांसकट फांद्या, म्हणजे टहाळ, तोडायच्या, त्यांचे भारे वाळवायचे, रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, गवत-पाचोळा आणि वरून मातीचा पातळ थर असे रचून ते उन्हाळ्यात भाजायचे आणि पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत भात पेरायचे, ही या भागातली राबाची रीत. भाजल्यामुळे तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि रोप उपटताना मुळे सहज सुटतात. राबाला नावे ठेवणाऱ्यांनी हे तीन फायदे आधी समजून घ्यावेत, कारण शेतकरी हट्टाने राब करत नाही. त्याला त्यातून खरोखर काहीतरी मिळते.

या वरकसात ऐनाची ३७ झाडे होती. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, फेब्रुवारीनंतर पानगळ, पावसाच्या तोंडावर नवी पालवी आणि पाच पंखांची फळे, असे हे झाड सह्याद्रीच्या पायथ्याशी सर्वत्र दिसते. तोडलेल्या जागी ते जोमाने पुन्हा फुटते, म्हणूनच राबासाठी त्याची निवड पिढ्यान्‌पिढ्या होत आली. गुरे म्हणाल तर दोन बैल, दोन गावठी गाई, थोरल्या भावांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, ११ शेळ्या आणि एक संकरित गाय. शेवटची गाय या प्रकरणाच्या आदल्याच वर्षी, दुधाच्या आशेने, बाहेरच्या जिल्ह्यातून आणलेली होती.

अडचण

मला बोलावणे आले ते झाडांसाठी नव्हे, गाईसाठी. खरे तर तिच्यासाठी पशुवैद्यकाला आधीच बोलावलेले होते आणि त्यांनी निदानही केले होते. मला फक्त ती कोणते झुडूप खाते आहे ते ओळखून द्यायचे होते. गाय गोठ्यात मान खाली घालून उभी होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या त्या अंगावर पांढरा भाग तेवढा सुजून तडकलेला होता, काही ठिकाणी कातडीचे पापुद्रे सुटत होते, आणि त्याला लागून असलेला काळा भाग मात्र जसाच्या तसा, तुकतुकीत होता. जणू कोणी पेन्सिलीने रेघ ओढून सांगितले होते की इथपर्यंतच भाजायचे. डोळे पिवळे होते आणि दोन दिवस शेण पडले नव्हते.

ते झुडूप घाणेरी (लँटाना) होते. घाणेरीच्या विषाने यकृत बिघडते व पित्त अडते. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्य पचताना तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. तो रक्तात साठून कातडीपर्यंत पोहोचतो आणि ऊन लागले की रंग नसलेली कातडी भाजून निघते. त्या रानात वाढलेली गुरे घाणेरीला सहसा तोंड लावत नाहीत. बाहेरून आणलेल्या जनावराला ती ओळख नसते, आणि चारा संपलेल्या दिवसांत तर नाहीच. गाईला अंधाऱ्या गोठ्यात ठेवले, औषधी कोळशाची पूड पाण्यातून पाजली, सलाइन दिले. ती वाचली, पण त्या वेताचे दूध गेले ते गेलेच.

घाणेरी कुठून आली हे पाहायला मी वरकसात गेले, आणि तिथे प्रश्न उलटा फिरला. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावांनी शेजारची दोन एकर खाचरे खंडाने केली होती. एका एकराच्या लावणीला साधारण चार गुंठे रोप लागते. म्हणजे राब बारा गुंठ्यांवरून वीस गुंठ्यांवर गेला, आणि झाडे मात्र तेवढीच राहिली. पूर्वी वडिलांच्या हाताखाली एक झाड दोन-तीन वर्षांतून एकदाच तोडले जाई आणि शेंडा नेहमी राखला जाई. आता सगळी झाडे दरवर्षी, शेंड्यासकट, खराट्यासारखी होऊन उभी होती. सावली गेली, ऊन जमिनीपर्यंत आले आणि बुलबुलांनी टाकलेल्या घाणेरीच्या बियांना हवी ती जागा मिळाली. गवत त्याखाली दबले, गवत कमी म्हणून गुरे भुकेली, आणि भुकेली म्हणून नवी गाय घाणेरीकडे वळली. गाईचा आजार आणि झाडांची दशा ही एकाच दोरीची दोन टोके होती.

याहून गंभीर गोष्ट मोजणी केल्यावर कळली. ३७ झाडांपैकी मनगटाएवढ्या जाडीचे एकही नव्हते. सगळी जुनी, त्यातली सहा पोकळ. त्यांच्या मागे उभे राहणारे तरणे झाड वरकसात नव्हते. दिवाळीनंतर खाचरे मोकळी झाली की गावाची गुरे मृगापर्यंत मोकाट असतात, उन्हाळ्यात एखादा वणवा येतो, आणि या दोहोंतून ऐनाचे रोप वर येत नाही. ही उणीव वीस-पंचवीस वर्षांची असावी, आणि ती कोणाच्या नजरेस आली नव्हती, कारण उभे झाड दिसते पण नसलेले झाड दिसत नाही.

आणखी एक झाड वेगळे सांगितले पाहिजे. गोठ्याजवळचा सर्वांत मोठा ऐन, घेर २.२ मीटर, म्हणजे व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. दुपारी सगळी गुरे त्याच्याच सावलीत बसत, कारण पाण्याची डोणी तिथेच होती. खोडाची साल बैलांनी अंग घासून गुळगुळीत केली होती आणि मुळे उघडी पडली होती. मी थोरल्या भावांना पहार मारायला सांगितली. झाडाखाली ती दोन बोटे शिरली आणि टणत्कार करून थांबली. वीस पावलांवर तीच पहार तेवढ्याच जोरात वीतभर गेली. ते काही वेळ पहारीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, हे तर अंगण झालं.”

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय धाकट्या भावांचा होता. एका लाकूड व्यापाऱ्याने झाडांना भाव सांगितला होता आणि कळव्याच्या घराचे हप्ते चालू होते. झाडे नाहीतरी मरणारच असतील तर आताच पैसे करावेत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदी गैर होते असे मी म्हणणार नाही. मात्र ऐन हे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतले झाड आहे. मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना वेगळा. व्यापारी “ते माझ्याकडे लागलं” म्हणत होता, पण सातबारा या दोन भावांच्या नावावर होता आणि जबाबदारीही त्यांचीच राहिली असती. शिवाय पोकळ झाडांना त्याने धरलेच नव्हते. उतारावरची चांगली झाडे गेली असती आणि पोकळ तेवढी उरली असती.

दुसरा पर्याय राब पूर्ण बंद करण्याचा. चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळजवळ विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून रोपही नाही आणि राबही नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकले जाते. हे तंत्र मला मनापासून पटते. परंतु गादीवाफे एकदा करून ते वर्षानुवर्षे न मोडता वापरणे हा त्याचा गाभा आहे, आणि खंडाची जमीन या कुटुंबाकडे तोंडी बोलीवर, एका-एका वर्षासाठी होती. स्वतःच्या खालच्या खाचरात पाणी साचून राहते, तिथे पेरलेले बी कुजेल अशी थोरल्या भावांना धास्ती होती. हा पर्याय आम्ही सोडला नाही, पुढे ढकलला.

तिसरा पर्याय शेळ्या विकण्याचा होता, आणि तो ज्या रीतीने पुढे आला ते नोंदवणे मला आवश्यक वाटते. ओटीवर आम्ही तिघे बसून कोवळे रोप कोण खाते याचा हिशोब करत होतो. शेळी मागच्या पायांवर उभी राहून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत पाला ओढते, तेव्हा दोष शेळ्यांवर आला आणि त्या विकाव्यात असे जवळजवळ ठरलेही. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी आतूनच सांगितले, “शेळ्या माझ्या आहेत. पोरांची फी मी त्यातून भरते. झाडं कोणी छाटली ते आधी बघा, मग माझ्या दावणीला हात घाला.” हे बोलणे मोजणीइतकेच अचूक होते. झाडांची सावली शेळ्यांनी घालवली नव्हती. शेळ्या फक्त नवे रोप वर येऊ देत नव्हत्या, आणि ते एकट्या शेळ्यांचे कामही नव्हते.

चौथा पर्याय संपूर्ण वरकसाला तारेचे कुंपण. खर्च पाहूनच तो बाजूला पडला.

या टप्प्यावर मी चराऊ रानातील जुन्या ओक वृक्षांविषयी वाचत होते, कारण झाड, गुरे आणि छाटणी यांचा एकत्र विचार तिकडे फार झाला आहे. ओक आणि ऐन यांचे कूळ निराळे, हवामान निराळे. तरी दोघांच्या पानांत टॅनिन भरपूर आणि टसर रेशमाच्या वेगवेगळ्या जातींच्या अळ्या दोघांवर पोसल्या जातात, एवढे साम्य आहे. इंग्लंडात गुरांचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ओक छाटण्याची जुनी पद्धत होती. फूट वर राही, गुरे खाली चरत आणि झाड शतकानुशतके टिके. आमच्या वडीलधाऱ्यांची रीत याहून फार वेगळी नव्हती. तिथल्या सरकारी मार्गदर्शनात जुन्या झाडाभोवती खोडाच्या व्यासाच्या १५ पट त्रिज्येची, किंवा फांद्यांच्या घेरापुढे ५ मीटरपर्यंतची, यांपैकी जी मोठी ती जागा राखून ठेवायला सांगितले आहे. गोठ्याजवळच्या ऐनाला हे माप लावले तर साडेदहा मीटर त्रिज्या येते, म्हणजे जवळजवळ साडेतीन गुंठे. ३७ झाडांना असे वर्तुळ देणे शक्य नव्हते. एकाला देणे शक्य होते.

एका मुळाने बदललेला निर्णय

वनखात्याच्या रोपवाटिकेतून ऐनाची शंभर रोपे आणून लावायची, असे आम्ही जवळपास ठरवले होते. त्याआधी मी वरकसात गुडघे टेकून बसले आणि गवतातली प्रत्येक जोडपानी फूट तपासू लागले. ऐनाचे पान उलटले की देठाजवळ, मधल्या शिरेच्या कडेला, दोन बारीक गाठी दिसतात. त्यावरून रोप कळते. अशी एक फूट सापडली, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि वीतभर उंच. तिच्या भोवतीची माती बोटांनी उकरली तर खाली अंगठ्याहून जाड मूळ निघाले. त्याच्या माथ्यावर जुन्या फुटींचे वण एकावर एक होते, काही जळून काळे पडलेले, काही दातांनी तोडलेले. ते रोप दरवर्षी फुटत होते, दरवर्षी खाल्ले किंवा जाळले जात होते आणि तरी जमिनीखाली वाढत होते.

मी थोरल्या भावांना ते दाखवले. त्यांनी माती परत लोटली, हाताने दाबली आणि विचारले, “किती वर्षांचं असेल?” मला सांगता आले नाही. पण रोपे विकत आणण्याचा बेत तिथेच रद्द झाला. या मुळांना फक्त तीन-चार वर्षांची उसंत हवी होती. विकतच्या रोपाला एवढे मूळ करायलाच कित्येक वर्षे गेली असती.

काय केले

अशी मुळे जिथे दाट होती असे दोन पट्टे निवडले, मिळून पंधरा गुंठे. करवंद आणि बोरीच्या काट्यांचे, उपटलेल्या घाणेरीच्या काटक्यांनी भरलेले कुंपण त्यांना घातले. आतले गवत कापून गोठ्यात आणायचे, गुरे आत सोडायची नाहीत, असे ठरले. उन्हाळ्यापूर्वी पट्ट्यांभोवती दहा हात रुंद जागा गवत काढून मोकळी केली, म्हणजे वणवा अडेल. घाणेरी नुसती कापली तर दुप्पट फुटते, म्हणून पाऊस सरता सरता, जमीन ओली असताना, ती पहारीने बुडख्यासकट काढली. हे काम सर्वांत कष्टाचे होते आणि ते पुढच्या दोन्ही वर्षी पुन्हा करावे लागले.

झाडांची तीन भागांत वाटणी केली. दरवर्षी एकाच भागाचे टहाळ, शेंडा राखून, आणि पोकळ झाडांना मुळीच हात नाही. कमी पडणाऱ्या टहाळाची भरपाई रोपवाटिकेतच शोधावी लागली. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत गादीवाफ्यात भाताच्या तुसाची राख मिसळण्याचे सूत्र आहे. भातगिरणीतून तूस आणून निम्मे रोप तसे केले आणि निम्म्याला जुना राब ठेवला, म्हणजे तुलना डोळ्यांसमोर राहील. बांधांवर गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या. पाला खतालाही आणि, सुकवून दिला तर, शेळ्यांनाही चालतो.

गोठ्याजवळच्या ऐनाखालची डोणी हलवून पलीकडच्या आंब्यांकडे नेली. इतके केल्यावर गुरे आपोआप तिकडे बसू लागली. ऐनाभोवती साडेदहा मीटरवर बांबूचा आडोसा केला आणि आत चार बोटे पाचोळा पसरला, खोडाला न टेकता.

शेळ्यांचे वेळापत्रक वहिनींनी स्वतः आखले. पट्ट्यांच्या बाजूला त्या दावणीने, दुसऱ्या बाजूला मोकळ्या. त्यात कोणी बदल सुचवला नाही.

काय झाले

पहिल्या वर्षी तुसाच्या राखेवरचे रोप चांगले आले, पण तणही आले. राबात न उगवणारे तण इथे दोनदा काढावे लागले आणि ती खुरपणी वहिनींच्या वाट्याला आली. आमच्या आराखड्यात या श्रमाला जागाच नव्हती. दुसऱ्या वर्षी वाफे आधी पाणी देऊन तण उगवू दिले, ते मोडले आणि मग पेरले. तेव्हा काम कमी झाले, संपले नाही. थोरल्या भावांनी खंडाची जमीन त्यानंतर सोडली. कारण मजुरीचे होते, झाडांचे नव्हते, पण राब बारा गुंठ्यांवर परत आला हे खरे.

माघात शेजाऱ्यांच्या म्हशी एका रात्री कुंपण मोडून आत शिरल्या आणि खालच्या पट्ट्यातील वर्षभराची वाढ गेली. मुळे राहिली आणि पावसात पुन्हा फुटली. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही पट्ट्यांत मिळून मोजलेल्या ५८ मुळांपैकी ३१ फुटी माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या, म्हणजे शेळीच्या तोंडापासून सुटल्या होत्या. जुन्यांपैकी दोन पोकळ झाडे वादळात पडली. संकरित गाय पुन्हा व्याली. तिला आता वरकसात सोडत नाहीत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक माझ्या सांगण्यातून राहून गेलेल्या एका वाक्याची आहे. ऐनाची उघडी मुळे “झाकायला हवीत” एवढेच मी पहिल्या भेटीत म्हणाले. पुढच्या वेळी आले तर थोरल्या भावांनी प्रेमाने दोन गाड्या माती आणून मुळांवर हातभर भराव घातला होता. घट्ट झालेल्या जमिनीवर भराव म्हणजे आधीच घुसमटलेल्या मुळांची उरलीसुरली हवा बंद करणे. तो भराव हाताने, कुदळ न लावता, काढायला आम्हाला दोन दिवस लागले. पाचोळा आणि माती यांतला फरक मी तिथेच, पहार हातात असतानाच, सांगायला हवा होता. त्या झाडाची एक मोठी फांदी दुसऱ्या वर्षी वाळली. कारण भरावाचे की आधीच्या तुडवणीचे, हे ठरवता येत नाही.

शेजाऱ्यांशी बोलणे कुंपण घालण्याच्या आधी व्हायला हवे होते. म्हशी आत शिरल्यावर जे बोलणे झाले त्यात कडवटपणा आला. त्यांच्या दृष्टीने वर्षानुवर्षे मोकळे असलेले चराऊ रान एके सकाळी काट्यांनी बंद झाले होते, आणि कोणी त्यांना सांगितले नव्हते. वहिनींना पहिल्या दिवशीच ओटीवर बोलावले असते, तर शेळ्यांचा वाद झाला नसता आणि खुरपणीचा हिशोबही आधीच मांडला गेला असता. गाय आणतानाही, ती घाणेरी नसलेल्या मुलखातून येते आहे याचा विचार झाला असता, तर पहिला उन्हाळा तिला दावणीलाच ठेवता आले असते.

तिसरा पट्टा राखायचा की नाही हे अजून ठरलेले नाही. ती जागा शेजाऱ्यांच्या हद्दीला लागून आहे आणि तिथे मुळे सर्वांत दाट आहेत. पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेत दोन्ही घरची माणसे बैल पाहायला जातात. थोरले भाऊ म्हणतात की हे बोलणे तिथेच, बाजारात उभे राहून, करायचे. मी त्यांना ५८ मुळांची यादी आणि हद्दीचा नकाशा कागदावर काढून दिला आहे. नकाशात गवत कापून कोणी किती न्यायचे याची एक ओळ वहिनींनी आपल्या हाताने घातली आहे, निम्मे शेजाऱ्यांचे, निम्मे आमचे.